दवाखान्याची वाट आणि परतीची गाडी

हुबळी-धारवाड या जोडशहराला वाहतुकीचे माहेरघर म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची स्थापना १९९७ साली झाली. त्याचे मुख्यालय हुबळीत आहे. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच. श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वे स्थानकावरील १,५०७ मीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब म्हणून नोंदला गेलेला फलाट मार्च २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. हुबळी आणि धारवाड यांना जोडणारी, स्वतःच्या राखीव मार्गावरून धावणारी ‘चिगरी’ बससेवा ऑक्टोबर २०१८ पासून सुरू आहे. चिगरी म्हणजे कन्नड भाषेत हरीण. सुमारे २२ किलोमीटरचे अंतर हे हरीण वातानुकूलित आरामात पार करते.

याच शहरातून कारवारच्या रस्त्याला लागले, की सुमारे ३० किलोमीटरवर कलघटगी येते. तेथून पुढे यल्लापूरपर्यंत आणि बाजूला मुंडगोड, हल्याळच्या दिशेने झाडी दाट होत जाते. डांबरी सडक सोडून आत वळले, की झाडांच्या आडोशाला चार-दोन डझन घरांच्या वस्त्या दिसतात. तेथील कित्येक वस्त्यांवर बस जात नाही. थांबा असतो तो दूर, फाट्यावर. त्या फाट्यावर तापाने फणफणलेले मूल पदराखाली घेऊन उभी असलेली आई हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जगातील सर्वांत लांब फलाट तिच्या फारशा उपयोगाचा नाही. तिला हवी आहे ती एक गाडी, आणि जाण्याच्या गाडीपेक्षाही परतीची.

बालरोगचिकित्सेच्या पंचवीसहून अधिक वर्षांत एक वाक्य केसपेपरवर असंख्य वेळा लिहिलेले पाहिले आहे : ‘फेरतपासणीस आला नाही.’ का आला नाही, यासाठी केसपेपरवर रकाना नसतो. मग रिकाम्या जागी आपल्या मनातले गृहीत येऊन बसते. पालक अडाणी आहेत, निष्काळजी आहेत, बरे वाटले की फिरकत नाहीत, असे आपण मानून चालतो. काही पालक तसे असतीलही. परंतु थोडे खोदून विचारले, तर बहुतेक वेळा हाती लागते ती हयगय नसून हुकलेली गाडी असते.

गवळीवाड्यांचे लोक

या वस्त्यांपैकी अनेक वस्त्या धनगर गवळी समाजाच्या आहेत. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना हे ठाऊक नसेल, की कलघटगी, यल्लापूर, मुंडगोड, हल्याळ आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर या पट्ट्यात विखुरलेला हा समाज घरी मराठीचीच एक बोली बोलतो. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणाऱ्या या लोकांच्या जीवनपद्धतीचा आणि परिसराशी असलेल्या त्यांच्या नात्याचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केला होता. चराईची कुरणे आक्रसली, जंगलावर निर्बंध आले, तरी दूध-लोणी विकणे आणि जोडीला मोलमजुरी करणे यावर त्यांतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चालतो.

म्हणजे आपल्या दवाखान्यात येणारी ही आई दुहेरी अडचणीत असते. गाव नकाशाच्या कडेला आणि भाषा कार्यालयाच्या कडेला. बसवरील पाटी कन्नडमध्ये, रुग्णालयातील फलक कन्नड व इंग्रजीत, चिठ्ठीवरील औषधांची नावे इंग्रजीत. कन्नड तिला कामापुरते समजते. पण ‘उपाशीपोटी रक्त तपासून दुपारी अहवाल घेऊन चार नंबरच्या खोलीत या’ एवढ्या सूचनेतला अर्धा भाग वाटेतच गळतो. येथे मराठी जाणणाऱ्या डॉक्टरला एक विशेष कर्तव्य आपोआप येते, ते टाळता येण्यासारखे नाही.

अंतराचे खरे माप

श्रीमंतांचे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, गरिबांचे बुडालेल्या मजुरीत. एक साधे गणित मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी आपापल्या रुग्णांना विचारून ते दुरुस्त करावेत.

समजा, वस्तीपासून फाटा पाच किलोमीटरवर आहे. मुलाला अपस्मार आहे आणि महिन्याला एकदा शहरातील मोठ्या रुग्णालयात दाखवावयाचे आहे. पहाटे म्हशींचे दूध काढल्याखेरीज घर सोडता येत नाही, कारण म्हशीला रविवार नसतो. मग पायपीट, फाट्यावरून कलघटगी, कलघटगीहून हुबळी, हुबळीच्या स्थानकावरून शहर बस. बाह्यरुग्ण विभागात पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. नाव नोंदवणे, रांग, तपासणी, पुन्हा रांग, औषधे. चार वाजता मोकळे झाले, तर कलघटगी गाठेपर्यंत अंधार पडू लागतो आणि फाट्याकडे जाणारी गाडी निघून गेलेली असते. शेवटच्या टप्प्यासाठी टमटम ठरवावी लागते. वडिलांची मजुरी ५०० रुपये धरली, टमटमचे ३०० आणि वडिलांचे तिकीट व दोघातिघांचा चहा-फराळ मिळून २०० धरले, तर १,००० रुपये झाले. रुग्णालयाने मात्र एक पैसाही घेतलेला नाही. तपासणी मोफत, औषधे मोफत! कागदोपत्री विनाशुल्क असलेला हा उपचार त्या घराला दर महिन्याला दोन दिवसांच्या मजुरीइतका पडतो. चौथ्या महिन्यात झटके थांबलेले असतात आणि गाडीभाडे मात्र थांबलेले नसते. औषध बंद होते. मग एक दिवस झटका येतो, तो चुलीजवळ किंवा विहिरीच्या काठावर.

तीन विलंब आणि एक चौथा

मातामृत्यूंचा विचार करताना थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली ‘तीन विलंबां’ची मांडणी केली, ती आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब. या मांडणीतील सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की दुसरा विलंब पहिल्याला जन्म देतो. वाट बिकट आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो निघण्याचा निर्णयच लांबणीवर टाकतो. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक चालू लागला, तर ती न्यूमोनियाची खूण समजावी असे आपण शिकलो व शिकवतो. घरातल्या आजीला ती मोजणी येत नसली, तरी पोट भात्यासारखे हलते आहे हे तिला बरोबर दिसते. रात्रीचे आठ वाजले आहेत, फाट्यावर गाडी नाही, पाऊस आहे. ‘उजाडू द्या, मग बघू’ हे उद्गार अज्ञानातून येत नाहीत. उपलब्ध वाहनांचा तो अचूक हिशेब असतो.

खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या परिसरात, जेथील गावे बहुतांशी मराठीभाषक आहेत, हा प्रश्न अधिकच उग्र होतो. जुलै २०२४ मध्ये भर पावसात तेथील एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी तात्पुरत्या डोलीवर घालून, खांद्यावरून काही किलोमीटर चालत रुग्णवाहिकेपर्यंत आणले, हे वृत्त सर्वांनी वाचले. रस्ता करावयाचा तर वनसंरक्षणाचे नियम, आणि गाव हलवावयाचे तर पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी सोडण्याचे दुःख. त्याच अरण्यातील तळेवाडीच्या कुटुंबांच्या पुनर्वसनास २०२५ मध्ये आरंभ झाला. अरण्य राखले पाहिजे यात दुमत नाही. पण त्याची किंमत आजारी माणसाने खांद्यावरच्या प्रवासात मोजू नये, एवढीच अपेक्षा.

या तीन विलंबांना आपल्या भागापुरता एक चौथा विलंब जोडावासा वाटतो : परतीचा. परतीची गाडी नाही म्हणून लोक येतच नाहीत, आले तर तपासण्या अर्धवट टाकून निघतात, आणि दाखल झालेले मूल सुधारताच घरी नेण्याची घाई करतात. ‘रुग्ण सल्ल्याविरुद्ध गेला’ या नोंदीमागे पुष्कळदा संध्याकाळची शेवटची बस असते. गावात रात्री मुक्कामाला राहून पहाटे शहराकडे निघणाऱ्या गाडीला मराठीत आणि कन्नडमध्येही आपण ‘वस्तीची गाडी’ म्हणतो. ज्या वस्तीला अशी गाडी आहे, तेथील मुले फेरतपासणीला अधिक नियमितपणे येतात, हे दवाखान्यात बसल्या बसल्याही ध्यानात येते.

शासनाने काय केले?

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २००८ मध्ये कर्नाटकात १०८ क्रमांकाची ‘आरोग्य कवच’ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. जून २०११ मध्ये आरंभ झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूतीसाठी येणाऱ्या मातेला व आजारी नवजात बालकाला घरापासून रुग्णालयापर्यंत, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आणि परत घरी असा तिन्ही टप्प्यांचा विनामूल्य प्रवास देऊ केला. पुढे तो लाभ एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकांनाही लागू झाला. परतीच्या प्रवासाचा विचार ज्यात आहे, अशी ही दुर्मीळ योजना आहे.

११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या व द्रुतगती बसगाड्यांतून राज्याच्या हद्दीत तिकिटाविना प्रवास करता येतो. जुलै २०२५ पर्यंत अशा मोफत प्रवासांची संख्या ५०० कोटींच्या पुढे गेली. पूर्वी तिकिटाच्या पैशासाठी घरातील पुरुषाकडे हात पसरावा लागे. आता आई स्वतःच्या निर्णयाने मुलाला घेऊन निघू शकते. बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही या योजनांच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. १०८ ची गाडी आणीबाणीसाठी आहे, महिन्याच्या फेरतपासणीसाठी नव्हे. शिवाय तिला बोलावण्यास भ्रमणध्वनीची रेंज लागते आणि येण्यास रस्ता लागतो. जननी-शिशु कार्यक्रमाचा लाभ बालकाच्या पहिल्या वाढदिवसाशी थांबतो. अपस्मार, मूत्रपिंडाचे विकार, जन्मजात हृदयरोग मात्र त्यानंतरही सोबत राहतात. आणि ‘शक्ती’ तिकीट माफ करते, पण जेथे बसच जात नाही तेथे माफ करायला तिकीट नसते.

दूरदेशीचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. अमेरिकेत शेतमजुरी करणाऱ्या लॅटिनो कुटुंबांची स्थिती आपल्या गवळीवाड्यांशी आश्चर्यकारक साम्य दाखवते. शेते शहरापासून दूर, भाषा वेगळी, मजुरी रोजची, आणि सार्वजनिक बस जवळजवळ नाहीच. कागदपत्रे नसलेल्यांना अनेक राज्यांत वाहन परवाना मिळत नाही, म्हणून मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी चालवणे हेच तेथे जोखमीचे होऊन बसते. मग वस्तीतला गाडीवाला शेजारी पैसे घेऊन लोकांना नेतो-आणतो. अशा माणसाला ते ‘रायतेरो’ म्हणतात. आपला टमटमवाला म्हणजे तोच!

कॅलिफोर्नियातील ह्युरॉन या छोट्याशा शेतमजुरांच्या गावाने या परंपरेचाच आधार घेतला. तेथील महापौर रे लिओन यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘ग्रीन रायतेरोस’ ही सेवा सुरू झाली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतून गावकऱ्यांना फ्रेस्नोसारख्या दूरच्या शहरातील डॉक्टरांकडे नेऊन परत आणायचे, असे तिचे स्वरूप. लोकांनी गरजेपोटी उभी केलेली व्यवस्था मोडून न काढता तिला शिस्त आणि साधने दिली, हे त्यातील मर्म.

मात्र केवळ वाहन दिले की प्रश्न सुटला, असेही समजू नये. फिलाडेल्फिया शहरात गरीब रुग्णांना दवाखान्यात येण्यासाठी मोफत मोटारीची सोय देऊ करून पाहण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोय देऊ केलेल्यांपैकी ३६.५ टक्के आणि न देऊ केलेल्यांपैकी ३६.७ टक्के भेटी चुकल्या, म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. ज्याची मजुरी बुडणार आहे, ज्याच्या घरी दुसरे मूल सांभाळायला कोणी नाही, त्याला नुसती गाडी पुरत नाही. त्याच्या दिवसाशी दवाखान्याची वेळ जुळली पाहिजे. आणि वेळ ठरवणे तर आपल्याच हाती आहे!

आपल्या हातातील गोष्टी

‘डागतर, बुधवारी नगं, बाजारादिशी सांगा, त्या दिशी गाडी मिळती,’ असे एका गवळी आजींनी ठणकावले होते. त्यांचे म्हणणे सोपे होते, पण त्यात आरोग्यव्यवस्थापनाचा एक पाठ सामावलेला आहे. त्या अनुषंगाने काही सूचना व्यवसायबंधू-भगिनींपुढे विचारार्थ ठेवतो.

१. फेरतपासणीची तारीख देण्यापूर्वी ‘तुमच्याकडून गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता निघते?’ हे विचारावे. ठरावीक ‘आठ दिवसांनी या’ ऐवजी बाजाराचा दिवस द्यावा. दुरून आलेल्या मुलाला रांगेत पुढे घेणे हा पक्षपात नव्हे.

२. एका फेरीत होतील तेवढी कामे उरकावीत. मोठ्याला ताप म्हणून आणले असेल आणि धाकट्याची लस राहिली असेल, तर ती त्याच दिवशी कोठे मिळेल हे पाहून द्यावे. रक्त सकाळी प्रथम घ्यावे, म्हणजे अहवालासाठी दुसरी खेप पडत नाही.

३. आजार स्थिर असेल तेथे दोन महिन्यांचे औषध एकदम द्यावे आणि मधली विचारपूस दूरध्वनीवर करावी. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी या पद्धतीला रीतसर मान्यता दिलेली आहे.

४. उपचारपद्धतीची निवड करताना फेऱ्यांची संख्याही तोलावी. कुत्रे चावल्यावरची लस स्नायूत द्यावयाच्या नेहमीच्या पद्धतीने पाच वेळा घ्यावी लागते. त्वचेत द्यावयाच्या पद्धतीने आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ०, ३, ७ व २८ व्या दिवशी अशी चारच वेळा. जेथे एक मात्रा चुकणे जिवावर बेतू शकते, तेथे एक खेप वाचणे म्हणजे मोठीच कमाई. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढील मात्रा मिळतील का, हे आपण स्वतः फोन करून विचारल्यास आणखी उत्तम.

५. पुढे पाठवताना केवळ चिठ्ठी देऊ नये. ज्या रुग्णालयात पाठवतो तेथे आधी कळवावे. कमी वजनाच्या नवजात बाळाला प्रवासात आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधावे. कांगारू पद्धत ही गरिबाची फिरती काचपेटीच आहे.

६. घरी सोडताना दुपारच्या आत सोडावे; उशीर झाला तर एक रात्र राहू द्यावे. ‘बाळ पिणे सोडते, सगळे ओकते, झटका येतो, मलूल पडते, श्वास जोरात चालतो’ या धोक्याच्या खुणा तिच्या बोलीत सांगाव्यात, आणि अशा वेळी उजाडण्याची वाट पाहू नये, हेही. जलसंजीवनीची पाकिटे सोबत द्यावीत. दुकानही फाट्यापलीकडेच असते.

समाजाचे कर्तव्य

डॉक्टरेतर वाचकांसाठीही येथे पुष्कळ वाव आहे. दवाखान्यांच्या भिंतीवर औषध कंपन्यांची दिनदर्शिका असते. तिच्या शेजारी कलघटगी, यल्लापूर, हल्याळकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक कन्नड व मराठीत लावता येईल. आपल्या मंडळाच्या सभासदांनी तीन महिने दुरून आलेल्या प्रत्येक रुग्णाचे गाव, निघण्याची वेळ आणि चुकलेली गाडी एवढीच नोंद ठेवली, तर परिवहन महामंडळाकडे नुसते निवेदन न नेता आकडे नेता येतील. ‘अमुक मार्गावर पाच वाजता एक फेरी वाढवा’ अशी नेमकी मागणी मान्य होण्याचा संभव अधिक. मुख्यालय याच शहरात आहे, ही आपली सोय आहे.

वस्त्यांवरून सकाळी दूध घेऊन येणारे टेम्पो आणि मोटारसायकली आहेत, टमटम आहेत. त्यांच्या चालकांची यादी, एक संपर्क आणि ठरलेले वाजवी भाडे एवढे जुळवून आणणे हे काही अवघड नाही. परतीच्या भाड्यासाठी एक छोटा निधी ठेवता येईल. गणेशोत्सवात आणि वर्षारंभी होणाऱ्या खर्चाचा एक लहानसा हिस्सा त्याला पुरेल. येथे दानाचा आव नको. बस जेथवर पोहोचत नाही, तेथवर आपण पोहोचावे एवढाच त्यामागचा भाव असावा.

रस्ते बांधणे आणि गाड्या सोडणे ही शासनाची कामे आहेत, ती त्याने केलीच पाहिजेत. तोवर आपल्यापुरती एक गोष्ट उद्याच्या सकाळपासून करता येईल. केसपेपरवर वजन, ताप, श्वासाची गती लिहितो, त्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात : ‘कसे आलात?’ आणि ‘परतीची गाडी किती वाजता?’ या दोन प्रश्नांना अर्धे मिनिटही लागत नाही. त्यांची उत्तरे पाहून दिलेले औषध तेच असेल, पण ते मुलाच्या पोटात जाण्याची शक्यता पुष्कळच वाढलेली असेल.